उत्तुंगकेतूच्या सावलीचे माप

कृतयुग मावळतीला लागले होते आणि त्रेतायुगाला अजून धड जाग आली नव्हती. धर्माच्या चार पायांपैकी एक पाय लटपटू लागला होता, आणि असा काळ दैत्यांना नेहमीच मानवतो. त्या युगसंधीवर, विंध्याच्या दक्षिणेस, वेणुवती नदीच्या तांबड्या मातीच्या तीरावर, शोणप्रस्थ नावाच्या नगरीत उत्तुंगकेतू नावाचा दैत्यराज राज्य करीत होता. रुंद छातीचा, पिंगट डोळ्यांचा, सभेतल्या उंचापुऱ्या वीरांच्याही डोक्यांवरून पलीकडचे पाहणारा तो असुर सिंहासनावरून उठला की सभागृहाचे छत खाली आल्यासारखे वाटे, आणि भाट स्तुती करता करता दोन पावले मागे सरत.

या उत्तुंगकेतूने तरुणपणी एका पायाच्या अंगठ्यावर उभे राहून सहस्र वर्षे तप केले होते. वर देताना ब्रह्मदेवाचा हात सैल असतो हे देवलोकात सर्वांना ठाऊक आहे. निस्तरावे मात्र इतरांना लागते. पितामह प्रकट झाले तेव्हा दैत्याने आधी अमरत्व मागितले, ते नाकारले गेले, तेव्हा क्षणभर विचार करून तो म्हणाला, "पितामह, जे मोजता येते ते सरते. दिवस मोजले जातात म्हणून आयुष्य सरते, दाणे मोजले जातात म्हणून कोठार सरते. मला मोजमापाच्या पलीकडे न्या."

ब्रह्मदेव म्हणाले, "दैत्येंद्रा, देह आहे तोवर मापातून पुरती सुटका नाही. पण एवढे देतो. कोणत्याही दंडाने, कोणत्याही हाताने, कोणत्याही अंगुळाने तुझी उंची मोजली तरी काही ना काही शेष राहीलच. जोवर शेष आहे तोवर तू आहेस. ज्या क्षणी कोणी काहीही शेष न ठेवता तुझे माप घेईल आणि ते तुझ्या कानांवर घालील, त्या क्षणी तू नाहीस."

देवांनी प्रयत्न केले नाहीत असे नाही. चिलखत घडवण्याच्या मिषाने प्रत्यक्ष विश्वकर्मा आपला सुवर्णदंड घेऊन शोणप्रस्थात आला आणि केसभर शेष राहिला म्हणून हात हलवीत परत गेला, तोही कसाबसा जीव वाचवून. तेव्हापासून राजाच्या वीस पावलांच्या आत दोरी किंवा दंड आणणाऱ्याला देहान्त शिक्षा होती. विणकर त्याची वस्त्रे अंदाजाने बेतत, त्यामुळे त्रैलोक्याला कापवणाऱ्या या वीराची वस्त्रे कधी ढगळ तर कधी तंग असत. त्यावर हसणारे दोन दरबारी पुन्हा कोणाला दिसले नाहीत.

एवढ्यावर तो थांबता तर ही कथा सांगावी लागली नसती. पण मृत्यू दूर गेला की असुराला सिंहासन लहान वाटू लागते. उत्तुंगकेतूला इंद्रपद हवे झाले. त्याचा पुरोहित जंभायन हा कृश, मृदुभाषी आणि आतल्या गाठीचा ब्राह्मण होता. मंत्र त्याला सगळे येत, फक्त कीव येत नसे. तो म्हणाला, "महाराज, विटांची श्येनचिती रचावी. पंख पसरलेल्या ससाण्याच्या आकाराची ही वेदी शास्त्रोक्त मापाने सिद्ध झाली, की तीच पक्षी होऊन यजमानाला स्वर्गात नेते. मात्र अडचण एक आहे. वेदीचे माप यजमानाच्या देहावरून घ्यावे लागते. यजमान हात उंचावून उभा राहतो. टाचेपासून बोटांच्या टोकापर्यंत जी लांबी भरते तिला एक पुरुष म्हणतात, आणि तिच्या एकशेविसाव्या भागाला अंगूळ. या मापावाचून एक वीटही ठेवता येत नाही."

"म्हणजे मी दोरीपुढे उभा राहू?" उत्तुंगकेतूने विचारले, आणि सभेतली पुढची रांग मागे सरकली.

"आपण कशाला?" जंभायन हसला. "दुसऱ्याच्या देहाचे माप घेऊ. नियम असा, की ज्याच्या मापाने चिती रचावी त्यालाच तिचे फळ मिळते. तो नियम माझ्याने मोडवणार नाही. पण फळ घ्यायला तो माणूस उरलाच नाही, तर ते फळ यजमानाकडेच वळेल. त्याला पहिल्या थराच्या विटांखाली निजवावे. देह मात्र असा हवा, ज्याने जन्मात खोटे माप दिले नाही."

असा देह शोधायला दूर जावे लागले नाही.

वेणुवतीच्या वरच्या अंगाला, जांभळीच्या दाट राईत, शुल्वायन मुनींचा आश्रम होता. इतर आश्रमांत मृग आणि मयूर असतात. इथे तेही होते, पण त्यांना जपून पाय टाकावा लागे, कारण अंगणभर खुंट्या रोवलेल्या आणि वर्तुळे आखलेली असत. मुंज गवताच्या दोऱ्या झाडाझाडांवर वाळत, विटांचे साचे पर्णकुटीच्या भिंतीला टेकून उभे असत, आणि तिथले पोपट सामगायनाच्या आधी त्रैराशिक म्हणायला शिकत. शुल्वायन हा स्थपती, म्हणजे वास्तू आखणाऱ्यांचा मुख्य. साठीकडे झुकलेला, मितभाषी, जरासा तिरसट. माणसांपेक्षा कोन त्याला चटकन कळत. त्याने आखलेल्या वेदीच्या कोपऱ्यात कधी यवाएवढीही चूक निघाली नव्हती आणि याचा त्याला अभिमान होता.

पण दोरी एका हाताने ताणता येत नाही. दुसरे टोक धरणाऱ्याला सूत्रग्राही म्हणतात, आणि शुल्वायनाची सूत्रग्राही होती त्याची पत्नी ऋजुमती. तीस वर्षे दोरीचे एक टोक त्याच्या हाती आणि दुसरे तिच्या हाती होते. तिला बोलून सांगावे लागत नसे. दोरी सैल झाली की ती हलकेच एक हिसका देई, आणि तो हिसका बोटांत आला की शुल्वायनाला आखणी बरोबर असल्याचे कळे. या दोघांना मूलबाळ नव्हते. त्याची खंत करायला त्यांना सवड झाली नव्हती, असे ती हसून सांगे.

पौष सरता सरता राजदूत आश्रमात आले. मुनी आणि ऋजुमती सभेत उभे राहिले तेव्हा उत्तुंगकेतू म्हणाला, "स्थपते, चिती तू रचायचीस. माप तुझ्या पत्नीचे. माघ शुद्ध सप्तमीला पहिली वीट बसेल, आणि त्याच मुहूर्तावर ती विटांखाली जाईल. पळून जायचा विचार केलास, तर या नगरातल्या तीनशे वीटकरांची डोकी तुझ्या आश्रमाच्या दारात रचीन."

शुल्वायन पुढे झाला. "दैत्येंद्रा," तो कसाबसा म्हणाला, "माझे माप घे. मीही कधी खोटे मोजलेले नाही."

जंभायनाने मान हलवली. "एकदा मोजले आहेस, मुने. शालवनातल्या राजाची वेदी अंगूळभर कमी भरली होती, आणि तो गरीब म्हणून तू ती पुरी सांगितलीस. हिने तेव्हा दोरी खाली ठेवली होती. आम्हाला सगळे ठाऊक असते."

हे खरेच होते. त्यानंतर ऋजुमती त्याच्याशी दोन दिवस बोलली नव्हती. आता तिने पुढे होऊन शांतपणे हात उंचावले आणि आपले माप घेऊ दिले, आणि दोरी तिच्या टाचेला शुल्वायनालाच लावावी लागली.

त्या दिवसापासून अपशकुनांना ऊत आला. भट्टीतून निघणाऱ्या विटांतली दर आठवी वीट काळी पडू लागली. भर दिवसा कोल्हे नदी ओलांडून यज्ञभूमीपर्यंत येत, आखलेल्या रेषेशी थबकत आणि माघारी फिरत. वारा पडला तो पडलाच. वीटकर गाणे म्हणेनासे झाले. तीनशे माणसे काम करीत असूनही नुसता मातीवर हात आपटल्याचा आवाज येई.

शुल्वायन पार खचला होता. पाणी ओतून भूमी समतल करावी, मधोमध बारा अंगुळांचा शंकू म्हणजे उभा खुंट रोवावा, त्याच्या सावलीवरून पूर्व-पश्चिम ठरवावी, हे सगळे त्याचे हात आपसूक करीत होते. मन एकाच गोष्टीभोवती फिरत होते. सप्तमीला ती विटांखाली जाणार, आणि त्या विटा आपण आखलेल्या असणार.

माघ शुद्ध द्वितीयेला, दुसऱ्या प्रहरी, राजा मुकुट न घालताच काम पाहायला आला. नेहमीप्रमाणे सगळ्यांनी दोऱ्या आणि दंड वीस पावलांवर नेऊन ठेवले. राजा शंकूजवळ उभा राहून जंभायनाशी बोलू लागला. शुल्वायन मान खाली घालून उभा होता, आणि मान खाली असल्यामुळेच त्याला ते दिसले. शंकूची सावली त्या क्षणी बरोबर बारा अंगुळे होती. शंकू बारा अंगुळांचा आणि सावलीही बारा अंगुळांची. म्हणजे या घटकेला भूमीवरची प्रत्येक सावली आपापल्या वस्तूएवढीच होती, झाडाची झाडाएवढी, माणसाची माणसाएवढी. आणि राजाच्या पायांपासून निघालेली ती लांब काळी सावली ओल्या मातीवर निश्चल पडली होती.

राजाला दोरी लावणे निषिद्ध होते. सावलीला लावू नये असे कोणी म्हटले नव्हते. राजाच्या टाचांची जागा आणि सावलीचा मस्तकान्त, दोन्ही ठिकाणे त्याने डोळ्यांत साठवली, आणि राजा जाताच तिथे दोन खडे ठेवले.

ऋजुमतीला त्याने खुणेने बोलावले. दोघांनी तिच्याच मापाच्या दंडाने ते अंतर मोजले. एक पुरुष भरला, वर एकूणपन्नास अंगुळे, आणि काही उरले. अंगुळाचा आठवा भाग यव. पाच यव भरले आणि काही उरले. यवाचा आठवा भाग यूका, म्हणजे उवेएवढे माप. त्या पाच भरल्या, आणि तरीही काही उरलेच. शुल्वायन मटकन खाली बसला.

"ब्रह्मदेवाचा शब्द आहे तो," तो म्हणाला. "मापे कितीही बारीक केली तरी शेष राहणार. मी शेवटपर्यंत मोजत बसेन आणि सप्तमी उजाडेल."

ऋजुमतीने त्या दोन खड्यांकडे पाहिले. मग म्हणाली, "आर्य, आपल्या कामात अशी कोणती लांबी आहे, जी दंडाने मोजली की नेहमी उरते?"

त्याची नजर आखलेल्या रेषांकडे वळली. चौरसाची बाजू दंडाने मोजता येते. पण या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तिरकी दोरी ताणली, की त्या दोरीला, त्या कर्णाला, बाजू मोजणारा कोणताही दंड पुरता लागत नाही. तिसरा भाग मिळवा, त्याचा चौथा मिळवा, त्यातून चौतिसावा वजा करा, काहीतरी उरतेच. प्रत्येक स्थपतीला हे ठाऊक असते आणि कोणी त्याचे दुःख करीत नाही, कारण दोरी ताणली की कर्ण समोर पुरताच्या पुरता हजर असतो. आकड्यात मावत नाही, दोरीत मावतो.

ऋजुमतीच्या मापाचा, बरोबर एक पुरुष बाजूचा, चितीचा पहिला चौरस तिथेच आखलेला होता. तिने त्याच्या आग्नेय कोपऱ्यावर दोरी धरली, शुल्वायनाने वायव्येला. मग तीच दोरी, बोटे जिथल्या तिथे आवळून, त्यांनी दोन खड्यांवर नेली.

ती तंतूचेही अंतर न राहता बसली.

हे पितामहांनी आधीच योजून ठेवले होते, की सृष्टीत असंख्य लांब्या आहेत त्यांतल्या दोन अशाच जुळल्या, हे पुराणिकाला विचारू नये. मला विचाराल तर ज्यांना वर देण्याची हौस असते, ते मागचे दार उघडे ठेवतातच. ते दार कोणाच्या अंगणात उघडते याची त्यांना फिकीर नसते.

शुल्वायन त्या दिवशी लहान मुलासारखा आनंदला. पाच दिवस त्याने दुसरे काही केले नाही. सप्तमीला सूर्य कुठे असेल, कोणत्या घटकेला शंकूची सावली शंकूएवढी होईल, हे त्याने तीनदा पडताळून पाहिले. विधीनुसार यजमान पहिल्या चौरसाच्या आग्नेय कोपऱ्यावर, सूर्याकडे तोंड करून, अर्घ्य द्यायला उभा राहतो. सप्तमीला त्या घटकेला सूर्य बरोबर आग्नेयेला असणार होता. म्हणजे राजाची सावली त्याच्या पाठीमागे, चौरसावरून तिरकी, बरोबर वायव्य कोपऱ्यापर्यंत पडणार होती. त्याला न दिसता.

"पाठीमागून दोरी ताणू," तो म्हणाला. "जिवंत देहाचे माप खुंटीने घेत नाहीत, दोन्ही टोकांना हातच लागतात. स्थपतीची जागा यजमानाजवळ, म्हणून मी आग्नेयेला. तू वायव्येला, सूत्रग्राहीची जागा तीच. कोणाला संशय येणार नाही."

"आणि दोरी किती वेळ धरायची?"

"त्याचा प्राण जाईपर्यंत. यवभर सैल झाली तरी शेष उत्पन्न होईल आणि तो उठून उभा राहील."

ऋजुमतीने दोरीची गुंडाळी करता करता विचारले, "आर्य, एवढा प्रचंड देह पडला तर त्याला जागा किती लागेल हो?"

"उभा असताना सावलीला लागते तेवढीच," शुल्वायन म्हणाला. तो शंकूची सावली तपासत होता. आपण काय बोललो हे त्याने स्वतःच ऐकले नाही. तिने ऐकले असावे, कारण त्या संध्याकाळी तिने त्याच्या आवडीचे, वाळवलेल्या जांभळांचे सार केले.

सप्तमी उजाडली. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता, पण उजेड राखाडी वाटत होता. शोणप्रस्थाचे सगळे दैत्य यज्ञभूमीभोवती जमले. शंख वाजले, त्यांचा नाद वर न चढता खालच्या खाली विरला. चौरसाच्या मधोमध हातभर खोल खड्डा खणलेला होता आणि त्याच्या काठाशी पहिल्या थराच्या दोनशे विटा रचून ठेवल्या होत्या. ऋजुमतीला तांबडे वस्त्र नेसवून, कण्हेरीची माळ घालून जंभायनाने तिथे आणले. ती नगरातल्या स्त्रियांकडे पाहून हसली, तेव्हा त्यांतल्या कितीतरींनी डोळ्यांना पदर लावला.

उत्तुंगकेतू आला. मुकुट जंभायनाने विधीसाठी उतरवून ठेवायला लावला होता. दोरी पाहताच राजाच्या कपाळावर आठी पडली.

"महाराज," शुल्वायन म्हणाला, "ही दोरी भूमीला लागेल, आपल्या अंगाला लागणार नाही. हिच्यावाचून चौरस शुद्ध होत नाही."

राजाने पुरोहिताकडे पाहिले. जंभायनाने होकार दिला. शास्त्र तसेच होते, आणि शास्त्र सोडून माणसे काय करतात याचा विचार त्याने कधी केला नव्हता. राजा आग्नेय कोपऱ्यावर उभा राहिला, ओंजळीत जल घेतले आणि सूर्याकडे तोंड केले. भटांनी मंत्र धरला. शुल्वायनाने शंकूकडे पाहिले. तेरा अंगुळे. साडेबारा. मंत्राच्या तिसऱ्या आवर्तनाला सावली बाराच्या खुणेला टेकली.

त्याने राजाच्या टाचेमागे दोरी टेकवली. समोर, वायव्य कोपऱ्यात, ऋजुमतीने वाकून दुसरे टोक धरले. सावलीचे मस्तक तिच्या बोटांपाशी संपत होते. दोरी ताणली गेली, आणि तो ओळखीचा हिसका शुल्वायनाच्या बोटांत आला.

"उत्तुंगकेतो, ऐक!" तो ओरडला, आणि मितभाषी मुनीचा तो आवाज नदीपार गेला. "विश्वकर्म्याच्या दंडात जे मावले नाही, यव आणि यूका लावूनही जे उरत राहिले, ते तुझे माप मी सांगतो. एका पुरुषाच्या चौरसाचा कर्ण, एवढा तू आहेस. शेष नाही!"

ओंजळीतले जल निसटले. दैत्यराजाने गर्जना करण्यासाठी श्वास घेतला, पण तो श्वास बाहेर आला नाही. त्याचे गुडघे ताठले, डोळे पांढरे झाले, आणि मुळापासून सुटलेल्या शालवृक्षासारखा तो मागे कलला.

मागे, ज्या दिशेला सावली होती त्या दिशेला.

त्या एका निमिषात शुल्वायनाला सगळे कळले. तीन वेळा पडताळलेले गणित, घटका, कोन, मुहूर्त, सगळे बरोबर होते. पडणारा देह आपल्या सावलीवरच पडतो, आणि सावली जिथे संपते तिथे कोण उभे आहे, एवढेच त्याने मोजले नव्हते.

"सोड!" तो किंचाळला. "ऋजुमती, दोरी सोड! पळ!"

तिने वर पाहिले. कलणारा दैत्य अजून मेला नव्हता. त्याच्या कंठात घरघर होती, आणि दोरी सैल झाली असती तर तो पडता पडता सावरला असता. ती घाबरली होती, हे शुल्वायनाला स्पष्ट दिसले. तरी तिने दोरी मनगटाला एक वेढा घालून घट्ट धरली, आणि त्याच्या बोटांत पुन्हा एकदा हिसका आला. आखणी बरोबर होती.

मग भूमी हादरली, विटांची रास कोसळली, आणि धूळ इतकी उडाली की सूर्य दिसेनासा झाला.

दैत्यांची पळापळ झाली. जंभायन मात्र धुळीतून सावकाश पुढे आला, चौरसावर आडव्या पडलेल्या त्या कलेवराकडे आणि त्याच्या मस्तकाखाली गेलेल्या तांबड्या वस्त्राच्या काठाकडे पाहून तो म्हणाला, "विधी तर पूर्ण झाला, मुने. जिचे माप, ती खाली गेली. आता फळही तिचेच. यजमान उरला नाही." त्याने हात जोडले आणि तो नगराकडे चालता झाला. त्याचे पुढे काय झाले हे कोणी लिहून ठेवलेले नाही, आणि बरेच झाले.

चौरसावरच्या त्या देहातून एक प्रचंड ससाणा उठला, त्याने तीन घिरट्या घातल्या आणि तो ईशान्येकडे दिसेनासा झाला. पाठोपाठ हंसाच्या पंखांचा आवाज आला, आणि पितामह ब्रह्मदेव धुळीत उतरले.

"शुल्वायना," ते म्हणाले, "शोक करू नकोस. ज्या इंद्रलोकासाठी हा दैत्य झुरत होता, तिथे तुझी पत्नी सन्मानाने पोहोचली आहे. त्रैलोक्य तुझे ऋणी आहे. वर माग."

शुल्वायन आग्नेय कोपऱ्यात बसला होता. दोरीचे टोक त्याने अजून सोडले नव्हते.

"तिचा स्वर्ग तिला लखलाभ असो," तो म्हणाला. "मला या दोरीला पलीकडून येणारा तो हिसका परत द्या. दुसरे काही नको."

चारही मुखे खाली झाली. "ते माझ्या हाती नाही," ब्रह्मदेव म्हणाले.

"मग वर देण्याचा उद्योग बंद करा!" शुल्वायन उठून उभा राहिला. त्याने मूठभर तांबडी माती उचलली आणि नदीचे पाणी तिच्यावर शिंपडले, तेव्हा खुद्द पितामहही एक पाऊल मागे सरले. "आज मी माप पुरे केले. काही उरू दिले नाही, आणि मला कोणी उरले नाही. माझे शब्द ऐका. यापुढे या भूमीवर ज्या वास्तूच्या मापाला आठाने भागून काहीच उरणार नाही, तिच्या शिखरावर कावळा बसेल, आणि ती आपल्या बांधणाऱ्यांच्याच अंगावर येईल. ज्याला माणसे जिवंत हवी असतील त्याने मापात एक तरी उरवावा."

शाप उच्चारला गेला आणि तो आजवर उतरलेला नाही. त्या दैत्याच्या देहाची कालांतराने जांभ्या दगडाची लांबट टेकडी झाली. आग्नेय-वायव्य पडलेली ती टेकडी चढताना त्या मुलखातले लोक आजही मोठ्याने बोलत नाहीत. तिथले कारागीर घराचे माप आठाने भागतात, बाकी शून्य आली तर भिंत सरकवतात, आणि एक उरला की मगच पायाला हात घालतात. तिरकी दोरी ताणताना वायव्य कोपऱ्यात ते माणूस उभा करीत नाहीत, तिथे खुंटी ठोकतात.

शुल्वायन त्यानंतर पुष्कळ वर्षे जगला, आणि काम सुटले नाही म्हणून वेद्याही आखीत राहिला. नवा सूत्रग्राही त्याने घेतला नाही. दुसरे टोक तो खुंटीला बांधी, आपल्या कोपऱ्यावर येऊन बसे, दोरी ताणी, आणि रेघ ओढण्याआधी थोडा वेळ बोटे तशीच धरून थांबून राही.